उभ्याने पाळलेलं सुतक

एका बुधवारी सकाळी माझ्या नवऱ्याने चहा घेतला, वर्तमानपत्र उघडलं आणि तो गेला. मी आत पोळ्या करत होते. बाहेर आले तेव्हा वर्तमानपत्र जमिनीवर होतं. डॉक्टर आले, त्यांनी कागदावर वेळ लिहिली. दुपारी मुलगा बंगळुरूहून आला. संध्याकाळी नवऱ्याला भोईवाड्याच्या स्मशानात नेलं.

त्यानंतरचे दिवस मी उभ्याने काढले. हे अलंकारिक अर्थाने लिहीत नाही. मला खरोखरच बसता येत नव्हतं.

आमच्या लालबागच्या घरात माणूस गेल्यावर त्याच्या बायकोने काय करायचं हे ठरलेलं आहे. भिंतीशी चटई घालतात, शेजारी दिवा लावतात. तिने त्या चटईवर बसायचं. भेटायला आलेल्यांनी समोर बसायचं, थोडं बोलायचं, बरंचसं गप्प राहायचं आणि मग ‘येतो’ न म्हणता उठून जायचं. बाईकडून दुसरी काही अपेक्षा नसते. स्वयंपाक शेजारी करतात, धावपळ पुरुष करतात. तिने फक्त बसायचं. मी सगळी नोकरी गिरगावातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात खुर्चीवर बसून केली. हे काम मला जमायला हरकत नव्हती.

पण गुरुवारपासूनच उजव्या बाजूला खाली आग व्हायला लागली. आधी वाटलं चटई टोचते. मग वाटलं चटईखाली मुंग्या असतील. मुलाला चटई झटकायला लावली. त्याने बाल्कनीत जाऊन बापाच्या दुखवट्याची चटई झटकली आणि खालच्या मजल्यावरून ओरडा खाऊन आला. शुक्रवारी त्या जागी कोणीतरी तापलेलं उलथनं टेकवून ठेवल्यासारखं वाटत होतं. त्या जागेला मराठीत भरपूर शब्द आहेत, आणि सुतकाच्या घरात त्यातला एकही चालत नाही. कोणी विचारलं, काय होतंय, तर मी म्हणायचे, ‘काही नाही.’ आणि उभी राहायचे.

म्हणजे दृश्य असं होतं. दिव्याजवळ रिकामी चटई. समोर दाटीवाटीने बसलेल्या दहाबारा बायका. आणि जिचा नवरा गेला ती बाई कपाटाला टेकून उभी, एक पाय किंचित वर उचलून.

‘बस गो बाय,’ जुन्या चाळीतल्या शेजारच्या काकी म्हणाल्या. चाळ पडून तिथे टॉवर झाला तरी चाळीतली सगळी माणसं इथेच आहेत, फक्त एकावर एक रचली आहेत. ‘पाय भरून येतील.’

‘बरं आहे असंच.’

‘धक्का बसलाय तिला,’ काकींनी बाजूच्या बाईला सांगितलं. हळू आवाजात, म्हणजे लिफ्टपर्यंत ऐकू जाईल एवढ्याच.

‘रडली काय?’

‘नाय ना. शिकलेल्या बायकांचं असंच. आतल्या आत ठेवतात. ते बाहेर यायला पाहिजे.’

मग त्या मला रडवायच्या कामाला लागल्या. कोणी त्याच्या चपला उंबऱ्याजवळ आणून ठेवल्या. कोणी त्याच्या आवडीच्या सुक्या जवळ्याची आठवण काढली. एकीने तर तो तिच्या लग्नात किती छान नाचला होता ते सांगितलं, आणि ती स्वतःच इतकी रडली की मला तिच्यासाठी पाणी आणायला जावं लागलं. उभीच होते, त्यामुळे सोयीचं पडलं.

शनिवारी नणंदेने मला पकडलं. ती भोईवाड्याला राहते, माझ्यापेक्षा लहान आहे, आणि तिला कोणी नाही म्हणू शकत नाही. मी गिरगावच्या कारकुनांच्या घरातली पुस्तकं वाचणारी मुलगी लालबागच्या गिरणी कामगारांच्या घरात सून म्हणून आले, तेव्हापासून ती माझ्याशी मालवणीत बोलते आणि मी तिच्याशी शुद्ध मराठीत, आणि दोघींनाही दुसरीची कीव येते.

‘वयनी, तू उभी कित्याक रवलंस ता माका सांग.’

‘काही नाही गं.’

‘खंय दुखता?’

मी दाखवलं. म्हणजे हाताने दिशा दाखवली. तिने मला बाथरूममध्ये नेलं, दार लावलं आणि साडी वर करायला सांगितली. तिने भावाची बायको म्हणून मला सगळ्या परिस्थितीत पाहिलं होतं, पण या बाजूने पहिल्यांदाच. तिने चष्मा लावून परत एकदा पाहिलं.

‘नागीण,’ ती म्हणाली.

मला हसू आलं. नागीण लोकांच्या कमरेला होते, छातीवर होते. सभ्य जागा आहेत त्या. माझ्या आजीच्या खांद्यावर झाली होती, ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची.

‘हसू नको. तोंड आणि शेपटी भेटली काय माणूस संपलो.’

ही समजूत मला ठाऊक होती. नागीण अंगाभोवती विळखा घालते आणि विळखा पूर्ण झाला की माणूस जातो. मी शिकलेली आहे, मी यावर विश्वास ठेवत नाही. पण घरात नुकताच एक माणूस काहीच न होता गेला होता, त्यामुळे कशावर विश्वास ठेवायचा नाही हे ठरवण्याच्या मी मनःस्थितीत नव्हते. शिवाय डॉक्टरकडे जायचं तर टॅक्सीत बसावं लागणार होतं.

वडाळ्याला एक बाबा आहेत. दिवसा कुठल्याशा गोदामात कामाला असतात आणि संध्याकाळी नागीण उतरवतात. नणंदेने त्यांना फोन लावला. त्यांनी सुतकाच्या घरात यायला नकार दिला, सुतकात मंत्र लागत नाही म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, व्हिडिओ कॉलवर प्रयत्न करता येईल, कारण त्यात शिवाशिव होत नाही. फक्त नागिणीने त्यांच्या नजरेला नजर द्यायला हवी.

‘कोणाचं काय कोणाला दिसायला हवं?’ मी विचारलं.

‘मोबाईल मी धरतंय. तू फक्त वळ.’

‘मी वळणार नाही.’

‘वयनी, जिवापरीस लाज मोठी काय?’

‘हो.’

तिने तोडगा काढला. कॅलेंडरचं उलटलेलं पान घेऊन तिने त्यावर पेनाने दोन डोंगर काढले, मधे दरी काढली आणि उजव्या डोंगरावर लाल पेनाने ठिपके दिले. शाळेत काढायचो त्या निसर्गचित्रासारखं दिसत होतं, फक्त सूर्य आणि झोपडी नव्हती. त्याचा फोटो काढून तिने बाबांना पाठवला. आधी चुकून घरच्यांच्या ग्रुपवर गेला. कुडाळच्या आतेसासूबाईंनी लगेच विचारलं, जागा खंय घेतलास आणि रस्तो आसा काय.

बाबांचं उत्तर आलं. शेपूट पाठीकडे आहे, तोंड मांडीकडे. मधली रेषा ओलांडू देऊ नका. तुपात गेरू कालवून लावा. पाणी अजिबात लागू देऊ नका.

मग आमचा पहारा सुरू झाला. सकाळ-दुपार-संध्याकाळ नणंद मला बाथरूममध्ये न्यायची, चष्मा लावायची आणि दोन्ही टोकं तपासायची. ‘तोंड थंयच आसा,’ ती सांगायची. ‘शेपटी वायच सरकली.’ बाहेर बसलेल्या बायकांना वाटायचं, नणंद-भावजय दार लावून रडतायत. त्या आतून येणाऱ्या आवाजांनी समाधान पावायच्या. गेरू लावताना मी खरंच ओरडायचे.

अडचण पाण्याची होती. लघवीला गेलं की गेरू भिजायचा, मग नणंद परत लावायची, मग मी परत ओरडायचे. त्यामुळे माझं लघवीला जाणं कमी व्हायला लागलं तेव्हा आम्हा दोघींनाही ते बरंच वाटलं. दिवसभर नाही गेले तरी काही वाटेना. जाऊन बसलं, म्हणजे अर्धवट बसलं, की दोन थेंब यायचे. मी म्हटलं, छान, गेरू टिकेल. नणंद म्हणाली, तू पाणी पीत नाहीस म्हणून तसं, दुखवट्यात होतं असं. पोट साफ होत नव्हतं त्यालाही दुखवट्याचंच कारण दिलं. दुखवट्यावर काहीही ढकलता येतं, कोणी तपासायला जात नाही. बाहेरच्या रेषेवर आमचा कडक बंदोबस्त होता. आतमध्ये काय चाललंय हे बघायचं कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

इथे आमच्या संडासाबद्दल थोडं सांगायला हवं. लग्न झाल्यापासून टॉवर होईपर्यंत आम्ही चाळीच्या टोकाच्या सार्वजनिक संडासाला रांग लावली. माझा नवरा वीजपुरवठा खात्यात मीटरदुरुस्तीला होता. निवृत्त झाल्यावर नव्या घरात आलो तेव्हा बिल्डरने दिलेलं कमोड त्याला पटलं नाही. तो लोहार चाळीच्या बाजारात गेला आणि दुकानात मांडून ठेवलेल्या कमोडांवर एकेक करून बसून बघितलं. दुकानदार म्हणाला, साहेब, हे शोपीस आहेत. तो म्हणाला, मला माहितीय, मी फक्त बसतोय. ज्यावर बसल्यावर त्याला पेपर वाचता येईल असं वाटलं, ते त्याने आणलं. रांग नाही, बादली नाही, बाहेरून दार ठोठावणारं कोणी नाही, आतून कडी. आयुष्यात मिळवलेल्या गोष्टींमध्ये तो हे वर धरायचा, मुलाच्या इंजिनीअरिंगच्या थोडंसंच खाली. आणि आता त्या सिंहासनापुढे मी उभी राहायचे आणि माझं काहीच होत नव्हतं.

मंगळवारी सकाळी माझं पोट टणक झालं होतं. काकी आल्या, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि साडीवरून पोटाला हात लावला.

‘गो, ही तर सातव्या महिन्यातली दिसते.’

 मग कोपऱ्यातून कोणीतरी फस्‌कन हसलं, आणि मग सगळ्याच. दिव्याजवळ बसून आठदहा बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. मीही हसले असते, पण हसताना पोट फुटेल असं वाटलं आणि त्याच वेळी साडी ओली झाली. ओली झाली तरी पोट तसंच राहिलं. मी ‘अगं आई गं’ म्हटलं आणि कपाटाला धरून खाली वाकले.

मुलगा आतल्या खोलीतून आला. त्याने एवढंच विचारलं, ‘आई, तू शेवटची नीट बाथरूमला कधी गेलीस?’ मला सांगता आलं नाही. त्याने त्याच्या आत्याकडे पाहिलं. ती पदराने चष्मा पुसायला लागली.

टॅक्सीत मी मागच्या सीटवर आडवी पडले, डोकं नणंदेच्या मांडीवर, पाय खिडकीतून थोडे बाहेर. परळच्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती, माझ्या मुलापेक्षा लहान. तिने पोट दाबलं, मला कुशीवर वळवलं, गेरूचा थर बघितला.

‘हे कोणी रंगवलं?’

‘मी,’ नणंद म्हणाली.

‘छान रंगवलंय,’ ती म्हणाली आणि हातमोजे घातले.

तिने नळी घातली. लघवीच्या मार्गात बारीक रबरी नळी, तिच्या टोकाला पिशवी. पिशवी भरत गेली. नर्स म्हणाली, थांबवू का मॅडम, सगळं एकदम नको. थोडं थांबवून परत सोडलं. पोट हळूहळू खाली बसत गेलं आणि माझ्या तोंडून एक आवाज निघाला. तो कण्हण्याचा नव्हता. तृप्त माणूस जेवल्यावर करतो तसला आवाज होता. नवऱ्याचे दिवसही व्हायचे होते अजून, आणि मी एका लोखंडी खाटेवर पडून सुखी होते. इतकी सुखी मी कित्येक महिन्यांत झाले नव्हते. छताकडे बघत मी ते सुख पूर्ण उपभोगलं. मग शरम वाटली, पण ती नंतर.

डॉक्टरणीने समजावून सांगितलं. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचे विषाणू जात नाहीत, मणक्याजवळ नसांच्या मुळाशी पडून राहतात. वय झालं, अंगातली ताकद कमी झाली, एखादा मोठा ताण आला, की कधीतरी उठतात आणि एखाद्या नसेतून बाहेर येतात. त्या नसेच्या पट्ट्यात फोड येतात, म्हणून लोकांना ते सापासारखं दिसतं. एकाच बाजूच्या नसेत असल्यामुळे ते बहुतेक वेळा मधली रेषा ओलांडत नाहीत. छातीच्या नसेतून आले असते तर नुसतं दुखलं असतं. माझे सगळ्यात खालच्या नसांतून आले. त्याच नसा मूत्राशयाला आणि शौचाच्या जागेला हुकूम देतात. तिथे सूज आली, हुकूम पोचेना.

‘म्हणजे तोंड-शेपटी भेटणारच नव्हती?’ नणंदेने विचारलं.

‘बहुतेक नाही.’

‘मग मी इतके दिवस काय राखण करत होतंय?’

मला एकदम नवऱ्याची आठवण आली. एका केबलवरून दोन मजल्यांना वीज असली आणि केबल जळाली, तर कुठे कुठे अंधार होतो हे त्याला एका वाक्यात कळलं असतं. आणि त्याने ते मला दहा वाक्यांत सांगितलं असतं.

विषाणूवरच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या लवकर सुरू व्हायला हव्या होत्या, असं डॉक्टरीण म्हणाली, पण टोमणा मारून नाही. नळी ठेवूनच घरी पाठवलं. नसा सावरल्या की आपोआप होईल, म्हणाली. बहुतेकांना होतं. काही आठवडे लागतात.

‘आणि नाही झालं तर?’ मुलाने विचारलं.

‘मग बघू.’

तेराव्याला मी पिशवी लावून होते. साडीच्या दुकानातल्या जाड कापडी पिशवीत ती लघवीची पिशवी ठेवली होती आणि ती हातात धरून हिंडत होते, उभीच. एका लांबच्या जावेला माझी दया आली. ‘पिशवी द्या इकडे, मी धरते,’ म्हणून तिने ओढली. मी सोडेना. ‘अहो द्या हो, जड असेल.’ शेवटी नणंद मधे पडली. ‘रवांदे तिची तिका. त्येच्यात तिचा खाजगी आसा.’ त्या जावेने नंतर चौकशी केली म्हणे, की भावोजींनी नेमकं काय काय मागे ठेवलंय आणि ती ते हातात घेऊन का फिरते.

पाहुणे गेल्यावर मुलगा विषयावर आला.

‘आई, तू इथे एकटी कशी राहणार?’

‘राहीन.’

‘पिशवी घेऊन? ती रिकामी करायची, धुवायची, इन्फेक्शन झालं तर? जरा प्रॅक्टिकल हो. माझ्याकडे चल. हे घर भाड्याने देऊ.’

तो वाईट मुलगा नाही. त्याच्या घरी मला एक खोली आहे, खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसते. सून चांगली आहे. तिथे मी यापूर्वी महिनाभर राहिले आहे आणि महिन्याच्या शेवटी मी लिफ्टमधल्या आरशाशी मराठीत बोलत होते. इथे माझी पुस्तकं आहेत, भांडायला नणंद आहे, काकी आहेत. आणि नवऱ्याने जन्मभर रांगेत उभं राहून मिळवलेलं हे घर मी भाड्याने देऊन, त्याच्या कमोडावर कोणा परक्याला बसवून निघून जावं, हे मला मान्य नव्हतं. हे शेवटचं कारण मी मुलाला सांगितलं नाही.

शेवटी ठरलं ते असं. त्याची रजा संपायच्या आधी डॉक्टरीण नळी काढून बघणार होती. माझी मला लघवी झाली तर मी लालबागला राहायचं. नाही झाली तर त्याच्याबरोबर जायचं. एवढ्या मोठ्या निर्णयाची किल्ली माझ्या मूत्राशयाकडे होती, आणि मूत्राशय बोलत नव्हतं.

नळी काढली त्या दिवशी मी तांब्या-तांब्या पाणी प्यायले आणि वॉर्डच्या संडासात जाऊन बसले. म्हणजे एका बाजूवर. आता बसता येत होतं, डाव्या बाजूवर, जहाज कलल्यासारखं. नणंद दाराबाहेर उभी होती. थोड्या वेळाने तिने आवाज काढला.

‘शूऽऽऽ.’

‘काय करतेस?’

‘पोरांका करतत तसा. तुझ्या झिलाक मीच करी होतंय. शूऽऽऽऽ.’

‘तो एक वर्षाचा होता.’

‘शूऽऽऽऽऽ.’

वॉर्डातून कोणा बाईचा आवाज आला. ‘ताई, बस करा हो. माझी इथेच होईल.’ दुसरी म्हणाली, ‘माझी झाली.’ नर्स धावली. सगळ्या वॉर्डाला झाली, मला सोडून. दुपारी पोटाची सोनोग्राफी केली, मूत्राशय काठोकाठ भरलं होतं. नळी परत घातली. मुलाने बाहेर बाकावर बसून फोनवर दोघांची तिकिटं काढली. त्याने मला विचारलं नाही. ठरलं होतंच.

मी खाटेवर पडून होते आणि तिकिटाबद्दल मनातल्या मनात फार घाणेरडे शब्द वापरत होते. ग्रंथालयात असताना वाचलेले बहुतेक सगळे आठवले. डॉक्टरीण येऊन शेजारी उभी राहिली.

‘एक पर्याय आहे,’ ती म्हणाली. ‘पण शिकावं लागेल.’

पर्याय असा होता की नळी आणि पिशवी कायमची ठेवायची नाही. दिवसातून चारपाच वेळा स्वतःच स्वच्छ नळी घालायची, रिकामं करायचं, नळी काढून टाकायची. मधल्या वेळात माणूस नेहमीसारखा. नसा सावरेपर्यंत असं, किंवा नाही सावरल्या तर कायम.

‘स्वतः म्हणजे मी?’

‘हो. आरसा घेऊन. सिस्टर शिकवतील.’

मी आयुष्यभर पुस्तकांची मांडणी करत आले. कुठलं पुस्तक कुठल्या कप्प्यात हे मी झोपेत सांगितलं असतं. पण माझ्या स्वतःच्या या कपाटात काय कुठे ठेवलंय हे मला ठाऊक नव्हतं. लग्न झालं, मूल झालं, तरी कधी बघितलं नव्हतं. नणंद घरून नवऱ्याचा दाढीचा आरसा घेऊन आली, मागे स्टँड असलेला, एका बाजूने मोठं दिसणारा. त्या आरशाने आजवर फक्त त्याची हनुवटी पाहिली होती.

‘मोठी बाजू नको,’ मी म्हटलं.

‘मोठीच धर,’ सिस्टर म्हणाल्या. ‘उगाच शोधत बसाल.’

पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदाही. ‘खालचं नाही हो, वरचं. खालचा रस्ता वेगळ्या गावाला जातो.’ नणंद वाकून बघत होती. ‘थंय नाय गो, वर. वायच वर. आता डावीकडे.’

‘तू गप्प बस.’

‘माका दिसता म्हणान सांगतंय.’

‘तुला दिसतंय तर तू घाल.’

‘घालतंय, हाड ती नळी हकडे.’

तिने खरंच हात पुढे केला. त्या भीतीने माझा हात स्थिर झाला आणि नळी गेली. स्टीलच्या वाडग्यात आवाज यायला लागला. आम्ही तिघी तो आवाज ऐकत राहिलो. सिस्टर म्हणाल्या, ‘शिकल्या.’

मी दोन दिवस सराव केला. मग घरी आले आणि मुलाला बाहेर बसवून बाथरूमचं दार लावलं. आतून कडी घातली. नवऱ्याच्या कमोडावर डाव्या बाजूने टेकले, आरसा समोर ठेवला, हात धुतले, काम केलं. बाहेर आले तेव्हा मुलगा सोफ्यावर मोबाईल हातात धरून बसला होता, पण बघत नव्हता.

‘झालं?’

‘झालं.’

‘कोणी मदत न करता?’

‘तुझी आत्या घरी गेलीय. आत मी एकटी होते.’

‘आणि उद्या? रोज?’

‘रोज.’

‘आणि पुढे कधीच आपोआप झाली नाही तर?’

‘तर नळीने होईल. पिशवी नाही, नर्स नाही. ठरलं होतं ते मला माहितीय. पण लघवी कशाने व्हावी हे ठरलं नव्हतं.’

 त्याचा चेहरा बापासारखा झाला होता, मीटर उघडून आतल्या तारा बघताना व्हायचा तसा. मग त्याने फोन उघडला आणि एक तिकीट रद्द केलं. माझं. जाताना तो दारात ‘येतो’ म्हणाला. दिवस संपले होते, म्हणायला हरकत नव्हती.

त्यानंतर बरेच महिने गेले. हे मी हळूहळू लिहिते आहे, कारण एका बैठकीत फार वेळ बसवत नाही. फोड सुकले, डाग राहिले, मग डागही फिके झाले. आग राहिली. सुती कापड चालतं, बाकी कुठलंही घासलं की ती जागा पेटते. त्यासाठी गोळी आहे, ती घेतली की मेंदू दुपारच्या झोपेतून उठल्यासारखा राहतो आणि मी वाचलेलं पान परत वाचते. सिनेमाला जायचं तर कडेची खुर्ची बघावी लागते. लोकांकडे गेले की मी अजून कधी कधी उभी राहते, आणि आता कोणीही दुःखाचं नाव काढत नाही. काकी सरळ विचारतात, ‘काय गो, ढुंगण बरं आहे?’ त्यांनी सुतक संपल्यावर तो शब्द घरात आणला आणि तो तिथेच राहिला.

रडायचं ते रडून झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, सगळ्यांसारखंच होतं.

लघवी परत आली ती एकदम नाही. एका दुपारी नळी घ्यायला गेले आणि नळी घ्यायच्या आधीच थोडी झाली. मी हललेसुद्धा नाही, घाबरून थांबली तर काय, म्हणून. नंतर नणंदेला फोन केला. ती म्हणाली, ‘किती?’ मी म्हटलं, ‘अर्धी वाटी असेल.’ ती म्हणाली, ‘बाबांका सांगू?’ मी फोन ठेवला.

आता उरलंय ते एवढं. उजव्या कुल्ल्यावर तळहाताएवढी जागा आहे, तिला बोट लावलं तर कळत नाही आणि कपडा लागला तर जळते. दिवसा लघवी आपली आपण होते, पूर्ण होत नाही, म्हणून झोपण्याआधी एकदा नळी घालते. मी लालबागला राहते. घरात मी एकटी असते.